काका, फुलफ्रेम घेऊ का?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या मयताला गेलो होतो. स्मशानात सगळे गंभीर चेहरे करून उभे. लाकडं रचायचं काम चाललं होतं, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कोपराला हात लावला. वळून बघतो तर तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनीअर. अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, वेळ बरी नाही, कळतंय मला. पण ऑफर आज रात्री संपतेय. फुलफ्रेम घेऊ का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अरे, आधी त्यांना तरी मार्गी लागू दे!"

अठ्ठावीस वर्षं मी वाशीतल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात काम केलं, बहुतेक काउंटरमागे उभं राहून. गुडघे गेले, नोकरी संपली, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण हा प्रश्न काही माझी पाठ सोडत नाही. एपीएमसी मार्केटमध्ये कांदे निवडत असतो, तर कांद्याचा व्यापारी गादीवरून विचारतो. दाताच्या डॉक्टरांनी तर माझ्या तोंडात यंत्र घातलेलं असताना विचारलं. आता मी उत्तर कशानं द्यायचं? मी नुसता डोळे वटारून पाहत राहिलो, त्यांना वाटलं दुखतंय.

आणि मी उलट एकच प्रश्न विचारला, "काय काढणार?" की समोरचा अडखळतो. "म्हणजे... असंच. फोटो." अहो, फोटो तर काढणारच, कॅमेऱ्यातून चहा थोडीच येणार आहे! कुणाचे काढणार, कुठे काढणार, उजेड किती असतो तिथे, काढून पुढे त्याचं काय करणार, याचा पत्ता नाही. पण मोबाइलवर कुणीतरी टोपी उलटी घातलेला बाप्या ओरडून सांगतो की फुलफ्रेमशिवाय फोटोग्राफर म्हणवून घेऊ नका, आणि हे निघाले पाकीट घेऊन.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी कॅमेऱ्यात रोल असायचा. त्या रोलवरची एक चौकट म्हणजे छत्तीस मिलिमीटर रुंद, चोवीस उंच. पुढे रोल गेला आणि त्याच्या जागी सेन्सर आला, म्हणजे उजेड टिपणारा एक चौकोनी तुकडा. रोलच्या चौकटीएवढा मोठा तुकडा बनवणं फार महाग, म्हणून कंपन्यांनी बहुतेक कॅमेऱ्यांत लहान बसवला. त्याला म्हणतात क्रॉप. मग काही वर्षांनी जुन्या मापाचा तुकडा परवडायला लागला, तेव्हा तोच 'फुलफ्रेम' म्हणून बाजारात आणला. म्हणजे बघा, आधी तुमच्या ताटातली अख्खी भाकरी काढून पाऊण दिली, आणि नंतर तीच अख्खी भाकरी मोठ्या थाटात दुप्पट भावानं वाढली! आणि लोक रांगेत उभे.

मी काउंटरवर जुन्या निगेटिव्हची एक पट्टी ठेवायचो, आणि सोबत पुठ्ठ्याचा एक तुकडा, मधोमध लहान खिडकी कापलेला. पुठ्ठा पट्टीवर ठेवला की कडेची माणसं गायब व्हायची. "हा क्रॉप," मी सांगायचो. पुठ्ठा उचलला की सगळी परत हजर. "हा फुलफ्रेम. बाकी देवाची करणी वगैरे काही नाही." मोठ्या तुकड्यावर उजेड जास्त मावतो, म्हणून अंधाऱ्या जागी फोटोत दाणे, म्हणजे रवाळ ठिपके, कमी येतात. माणसामागचा पसारा छान धूसर होतो. हे खरंय, खोटं कशाला बोलू? पण त्याला लेन्स मोठी लागते, महाग लागते, मान दुखते, आणि ग्रुप फोटोत पुढची रांग स्वच्छ आणि मागच्या रांगेतले मामा-मावशी धुक्यात, असंही होतं. हे मात्र उलट्या टोपीवाला सांगत नाही.

बोनकोड्याचे बाळाशेठ आमचे जुने गिऱ्हाईक. बापजाद्यांची भातशेती होती, त्या जागेवर आता चार इमारती उभ्या आहेत, भाडं येतं, आणि माणूस हौशी. खाडीवर फ्लेमिंगो उतरले की हे पहाटे खुर्ची टाकून बसणार. एक दिवस ऐटीत आले आणि सगळ्यात महागडा फुलफ्रेम उचलला. मी म्हटलं, "शेठ, पक्ष्यांसाठी आहे तोच बरा आहे." ऐकतील तर शपथ. आठ दिवसांनी दुकानात वादळ आलं.

"मास्तर, यो काय परकार हाय? आदीच्या कॅमेऱ्यान पाखरू येवढा मोठा येत व्हता. आता तिप्पट पैशे मोजले, न पाखरू बारीक झाला! माझी बायको हसते ना मना!"

मी निगेटिव्हची पट्टी आणि पुठ्ठा पुढे ओढला. लेन्स तीच, पक्षी तेवढ्याच अंतरावर. लहान खिडकीतून बघितला की तो खिडकीभर दिसतो, मोठ्या खिडकीत त्याच्या भोवती चिखल आणि पाणी जास्त. शेठनी पुठ्ठा चार वेळा ठेवून, उचलून बघितला. मग म्हणाले, "म्हंजे मी चिखलाचे पैशे दिले?" मी म्हटलं, "जवळजवळ." त्यांनी कॅमेरा सुनेला देऊन टाकला आणि जुना घेऊन परत खाडीवर गेले. त्यांचं काही बिघडलं नाही. चार इमारती असल्या की चूकसुद्धा हौसेत जमा होते.

उलट नाटकांचे फोटो काढणारे एक गृहस्थ होते. रंगमंचावर उजेड मिणमिणता, फ्लॅशला बंदी, नट एका जागी उभा राहील तर शपथ. त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं होतं, तुम्ही फुलफ्रेमच घ्या, बाकी कशाच्या नादी लागू नका. दर दिवाळीला त्यांचा अजून फोन येतो. त्यांचे फोटो छापून आले की मी घरात सगळ्यांना दाखवतो, माझाच हात लागल्यासारखा. तेव्हा मी फुलफ्रेमचा वैरी नाही. न विचारता विकण्याचा वैरी आहे. आणि हे वैर मी कुठे शिकलो ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय. संपादकांना धंद्यातल्या गमती हव्या होत्या. झाल्या गमती.

आमच्या दुकानाच्या मालकांचा, म्हणजे आमच्या शेठचा, एक नियम होता. मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितला. "जाधव, गिऱ्हाइकाला काय काढायचंय ते विचारत बसायचं नाही. काय घ्यायचंय ते विचारायचं." म्हणजे काय, तर काय काढायचंय विचारलं की गप्पा वाढतात, गिऱ्हाईक विचारात पडतं, कधीकधी तर आहे त्याच कॅमेऱ्यावर खूश होऊन घरी जातं! दुकानाला ते परवडत नाही. गर्दी नसली की मी हा नियम मोडायचो. गर्दी असली की पाळायचो. माझी इतक्या वर्षांची नीतिमत्ता ही अशी गर्दीवर अवलंबून होती, आता लपवून काय करू!

सुरेखा आली ती दिवाळीच्या आठवड्यात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ती दिघ्याची. तिथल्याच कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला अकरा वर्षं होती. सुट्टीच्या दिवशी एक जुना, लहान सेन्सरचा कॅमेरा गळ्यात अडकवून वस्तीतली बारशी, वाढदिवस, लग्नं करायची. काम वाढलं तशी तिनं हिंमत करून कंपनी सोडली. बाई फोटोग्राफर म्हणून बायकांना ती बरी वाटायची, नवरीच्या खोलीत तिला अडवत कुणी नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला दिसली ती ओढणी खोचलेली, घामाघूम झालेली, पस्तिशीची एक बाई. ती गर्दीतून वाट काढत माझ्याच समोर आली, कारण माझ्या शर्टावर आडनावाची पाटी होती आणि पाटीशेजारी निळ्या अशोकचक्राचा छोटा बिल्ला.

"जयभीम काका."

"जयभीम. बोल."

तिनं पिशवीतून एक अल्बम काढला आणि काउंटरवर ठेवला. "काका, हे जरा बघता का? आपल्यातलं लग्न आहे. साडी बघा ना कशी आलीय. उजळ केली तर दाणे येतात. सगळे म्हणतात तुझा कॅमेरा छोटा आहे, फुलफ्रेम घे."

आपल्यातलं लग्न म्हणजे बौद्ध पद्धतीचं. नवरी पांढऱ्या साडीत, नवरा पांढऱ्या कुडत्यात, बुद्धमूर्तीपुढे त्रिशरण होतं, समोर बसलेले पाहुणे निम्मे पांढऱ्यात. माझंही लग्न असंच झालं होतं. माझ्या लग्नातले फोटोग्राफर म्हातारे होते, रोलवाले. त्यांनी फोटो काढता काढता मला सांगितलं होतं, "पांढरं समोर असलं ना, की यंत्राचं ऐकायचं नाही. एक घर जास्त उघडायचं, उजेड वाढवायचा." मला ते तेव्हापासून पाठ. पुढे याच धंद्यात आलो, तर ते किती खरं होतं तेही कळलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. सुरेखानं अल्बम समोर ठेवला, साडीचं नाव घेतलं, आणि मला माहीत होतं.

तिच्या मागे तीन माणसं ताटकळत होती. शेठ गल्ल्यावरून माझ्याकडे बघत होते. महिन्याच्या टार्गेटला दोन फुलफ्रेम कमी पडत होते. मी अल्बमवर हात ठेवला, तो न उघडता बाजूला सरकवला आणि म्हटलं, "फुलफ्रेममध्ये फरक पडेल."

एवढंच. पाव मिनिटसुद्धा लागलं नाही.

जुना कॅमेरा आणि लेन्स दुकानात देऊन नव्यावर सूट, अशी स्कीम होती. तिनं जुना गळ्यातून काढला. ओढणीच्या टोकानं त्याची काच पुसली. मी म्हटलं, "अगं, आता कशाला पुसतेस, दिलास ना?" तर ओशाळून हसली. "सवय हो काका." अल्बम पिशवीत घालून, नवा डबा छातीशी धरून गेली. जाताना मला म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. दुसऱ्या कुणी फसवलं असतं."

डोकं आपटून घ्यावंसं वाटतं अजून.

दीड-दोन महिन्यांनी एका मंगळवारी सकाळी दुकान नुकतं उघडलं होतं, मी काचा पुसत होतो, तर सुरेखा दारात. एकटी. गर्दी नाही, काही नाही. ती आत आली आणि तिनं काउंटरवर एकावर एक दोन अल्बम ठेवले.

"काका, आज तरी बघा. फुलफ्रेमला उजळावं लागत नाही म्हणून तसेच छापलेत."

मी वरचा उघडला. नव्या कॅमेऱ्यानं काढलेलं पहिलं लग्न. दाणे नव्हते, सगळं रेखीव. पण नवरीची साडी राखाडी. बसून मळलेल्या चादरीसारखी. नवरीचा सावळा चेहरा पार काळवंडलेला. खालचा अल्बम उघडला, जुन्या कॅमेऱ्याचा, दिवाळीत मी बाजूला सारला होता तो. साडी वेगळी, राखाडी तोच. पहिल्याच पानावर कळलं मला. दुसरं पान उलटायची गरजसुद्धा पडली नाही.

कॅमेऱ्याला साडी कळत नाही, नवरी कळत नाही. त्याच्या आत उजेड मोजणारा एक डोळा असतो, आणि त्या डोळ्याची समजूत अशी की जग सरासरीनं मधल्या रंगाचं असतं, ना पांढरं ना काळं. समोर पांढरंच पांढरं आलं की त्याला वाटतं, बापरे, उजेड फार झाला. तो उजेड कमी करतो. पांढऱ्याचा राखाडी होतो, आणि साडीबरोबर चेहराही काळवंडतो. स्वस्तातला घ्या नाहीतर आभाळाला भिडलेल्या किमतीचा घ्या, डोळ्याची समजूत तीच. त्यावर उपाय काय? अधिक-उण्याच्या खुणेचं एक बटण असतं. ते दाबून चाक दोन-तीन खटके अधिककडे फिरवायचं. झालं. फुकट.

मी तिला तिथेच दाखवलं. काउंटरवर बिलाचे कोरे कागद पसरले आणि फोटो काढ म्हटलं. कागद राखाडी आला. चाक फिरवून परत काढायला लावला. कागद पांढरा.

ती कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "काका, हे बटण माझ्या जुन्या कॅमेऱ्यात होतं का?"

"होतं."

"याच जागी?"

"थोडं अलीकडे. पण होतं."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सावकाश बोलायला लागली. नवा अल्बम साळवेबाबांच्या लेकीच्या लग्नाचा होता. साळवेबाबा म्हणजे वस्तीतलं वजनदार माणूस. त्यांच्या शब्दावर पुढची तीन लग्नं तिला मिळाली होती. अल्बम बघून त्यांनी तिन्ही काढून घेतली. "वस्तीत आता म्हणतात, सुरेखाच्या कॅमेऱ्यात नवरी मळकी दिसते. कंपनीत जाऊन आले काल, परत घेता का विचारायला. तिथे माझ्या जागी दुसरी लागलीय." तिनं दोन्ही अल्बम मिटले. "तुम्ही त्या दिवशी अल्बम उघडला असता तर किती वेळ लागला असता हो काका?"



मी तडक शेठकडे गेलो. म्हटलं, कॅमेरा परत घ्या, तिचा जुना तिला द्या. शेठ पेपर वाचत होते. म्हणाले, "जुना गेला कधीच, पनवेलच्या पार्टीला. आणि जाधव, गिऱ्हाइकानं मागितलं, आपण दिलं. माल एक नंबर आहे. आपली चूक काय त्यात?"

आणि गंमत बघा, त्यांच्या हिशेबानं खरंच काही चूक नव्हती! नियम पाळला गेला होता. मी त्या दिवशी दुकानात एवढ्या मोठ्यानं बोललो की शेजारचा चष्मेवाला धावत आला. इतक्या वर्षांत माझा आवाज तिथे पहिल्यांदाच चढला. शेठ म्हणाले, पाणी पी. मी म्हटलं, पाणी तुम्ही प्या! पण खरं सांगू का, निम्मी शिवी मी स्वतःलाच घालत होतो, आणि ते शेठनाही कळत होतं.

रविवारी सकाळी सुरेखाबरोबर दिघ्याला गेलो. साळवेबाबा मूळचे मराठवाड्यातले, परभणीकडचे, सारी हयात इथल्या कारखान्यात काढलेली. घरासमोरच्या ओट्यावर बसले होते. सुरेखाला बघून तोंड फिरवलं. मी ओळख सांगितली, जयभीम घातला, आणि म्हटलं, "बाबा, हिची चूक नाही. कॅमेरा मी विकला. साडी राखाडी का येते ते मला माहीत होतं, मी हिला सांगितलं नाही."

ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "तुमी आपलेच ना?"

"हो."

"मंग?"

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. 

मग ते बोलायला लागले. "माझ्या मायनं उभ्या जल्मात लोकायचं उतरलेलं लुगडं नेसलं. नवं लुगडं तिला ठावं नव्हतं. लोकं म्हनायचे, हे लोकं मळकेच. मी पोरीला पांढरीफेक साडी घेतली. दुकानात चार येळा उजेडात नेऊन बघितली, कुठं डाग तर न्हाई ना म्हनून. अन् फोटो आले तर सासरची मानसं इचारतेत, साडी धुतली नव्हती का म्हनून. लेक रडली माझी. तिच्या लग्नाच्या फोटोत बी आमी मळकेच निघालो व्हय?"

इतकी वर्षं मी मिलिमीटर, सेन्सर, दाणे, अमुक-तमुक घोकत होतो. साडी राखाडी आली म्हणजे कुणाचं काय जातं, हे मला, मला कळायला नको होतं? कॅमेरा बनवणाऱ्यांना माहीत नसेल, उलट्या टोपीवाल्याला माहीत नसेल, शेठला माहीत नसेल. माझ्याच लग्नात माझी बायको पांढऱ्या साडीत उभी होती!

सुरेखानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाबा, फोटो माझ्याकडे आहेत अजून. मला आठ दिवस द्या. नाही पटलं तर मी या वस्तीत कॅमेरा काढणार नाही."

बाबांनी नुसता हात हलवला. तिनं तेच हो समजलं.

मग चार दिवस मी कामावर दांडी मारून तिच्या घरी संगणकापुढे बसलो. एकेक फोटो उजळायचा, चेहरा वर आणायचा, साडी पांढरी करायची, पण एवढीही नाही की जरीचा काठ आणि चुण्या उडून जातील. इथे मात्र प्रामाणिकपणे सांगतो, फुलफ्रेमनं लाज राखली. एवढं उजळूनही दाणे आले नाहीत, जुन्या कॅमेऱ्यात आले असते. सुरेखाच्या ते लक्षात आलं. म्हणाली, "म्हणजे काका, कॅमेरा वाईट नाहीये." मी म्हटलं, "कॅमेरा वाईट कधीच नव्हता गं." ती माझ्याकडे बघून पुन्हा कामाला लागली.

आठव्या दिवशी नवा अल्बम घेऊन गेलो. साळवेबाबांची लेक माहेरी आली होती, तिनंच तो ओढून घेतला. उभ्या उभ्या पानं उलटत गेली. मंगलपरिणयाच्या पानाशी थांबली आणि आत धावली, आईला हाक मारत. बाबा ओट्यावरून सुरेखाला म्हणाले, "दोन लग्नं हायेत अजून. तिसरं म्या दुसऱ्याला देऊन बसलो, त्याला आता कसं न्हाई म्हनू?" सुरेखा म्हणाली, "दोन पुष्कळ झाली." परत येताना रिक्षात ती खूप वेळ रडली. मी बाहेर रस्त्याकडे बघत बसलो.

नोकरीची उरलेली वर्षं मी गर्दी असो नसो, प्रत्येकाला विचारलं. काय काढणार? काढलेलं दाखवा. टार्गेट कधीच पुरं झालं नाही, शेठनी शेवटी मला काउंटरवरून उचलून मागे दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं. बसा म्हटलं, बसलो.

आता फुलफ्रेम घेऊ का, या प्रश्नाचं माझं उत्तर ऐका. तुमच्या आहे त्या कॅमेऱ्यानं काढलेले पन्नास फोटो घेऊन कुणाकडे तरी जा. जो ते फोटो न बघता 'घे' म्हणेल, त्याच्या दुकानातून उठून या. आणि जो न बघता 'घेऊ नको' म्हणेल, त्याच्याही. फोटोत जे बिघडलंय ते सेन्सर मोठा केल्यानं सुटणार असेल तर जरूर घ्या, लेन्सची सोय आधी करा आणि घ्या. नाहीतर त्या बटणावर बोट ठेवायला शिका.

सुरेखाचं आज बरं चाललंय. मदतीला दोन मुली ठेवल्यात, ऐरोलीपर्यंत ऑर्डरी असतात. मी निवृत्त झाल्यावर तिचा फोन आला. दिघ्याच्या समाजमंदिरात ती दर रविवारी वस्तीतल्या बायकांना कॅमेरा शिकवणार होती. "काका, तुम्ही या शिकवायला. तुमच्याएवढं कुणाला येत नाही."

मी खूश. तिनं मला माफ केलं असं वाटून गेलं. म्हटलं, "येतो की! कधीपासून?"

"या रविवारपासून. पण एक आहे. पहिल्या दिवशी आधी माझी गोष्ट सांगायची. मी अल्बम ठेवला आणि तुम्ही काय केलंत, ते. तुमच्या तोंडानं."

मी म्हटलं, "अगं, एवढ्या बायकांसमोर?"

"हो. नाहीतर नका येऊ."

गेलो. वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कुणाकडे जुना कॅमेरा, कुणाकडे नुसता मोबाइल. सुरेखा भिंतीला टेकून उभी. मी सगळं सांगितलं, टार्गेट, गर्दी, शेठ, काही ठेवलं नाही. सांगून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला. भाजीची गाडी लावणारी होती, नंतर कळलं. तिनं साधा प्रश्न विचारला, "पन दादा, अल्बम उघडला का न्हाई? गर्दी असली म्हनून काय झालं, येक पान तर उलटायचं व्हतं."

मी सुरेखाकडे बघितलं. तिनं मान फिरवली नाही. तिलाही ते उत्तर माझ्याकडून कधी मिळालं नव्हतं.

"बाई," मी म्हटलं, "उघडला असता तर मला कॅमेरा विकता आला नसता."